बरेलीची डॉक्टरीण

परदेशी मिशनतर्फे भारतात आलेली पहिली पदवीधर स्त्री डॉक्टर म्हणजे क्लारा स्वेन. जन्म १८३४चा, न्यू यॉर्क राज्यातील एल्मायरा गावचा. आधी शिक्षिका असलेल्या क्लारांनी १८६९ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये तिथूनच डॉक्टर झाल्या.

जानेवारी १८७० मध्ये क्लारा बरेलीला पोहोचल्या. पडद्यातल्या बायका परपुरुषाला नाडीही दाखवत नसत. दुखणे अंगावर काढत, कित्येकदा त्यातच जात. क्लारा त्यांच्या घरी, थेट जनानखान्यात जात. औषधाच्या चिठ्ठीवर बायबलचे वचन छापलेले असे. धर्मप्रसाराचा हेतू त्यांनी कधी लपवला नाही. सोबत क्लारा मुलींना वैद्यकही शिकवत, आणि हेच त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम.

रुग्णालयासाठी जागा हवी होती. १८७१ मध्ये रामपूरच्या मुसलमान नवाबाने बरेलीतील आपली सुमारे चाळीस एकरांची मालमत्ता ख्रिस्ती मिशनला दान दिली. तिथे १८७४ मध्ये स्त्रियांचे रुग्णालय उघडले. पुढे काही वर्षे क्लारा राजस्थानात खेतडीच्या राणीच्या डॉक्टर होत्या. १९१० मध्ये मायदेशी त्यांचे निधन झाले. बरेलीच्या रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे.