सर्वांचे काम कोणाचे?

वयाची १८ वर्षे पूर्ण होणे ही कायद्याच्या लेखी एका दिवसाची घटना असते; माणसाच्या आयुष्यात मात्र ती अनेक वर्षांची वाटचाल असते. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता घेऊन वाढणाऱ्या मुलाच्या बाबतीत या दोहोंतील अंतर विशेष जाणवते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने ४० टक्के वा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ती मर्यादा ओलांडल्यावर रोज सकाळी त्याने कोठे जावे, याचे उत्तर पुष्कळ घरांना एकट्यानेच शोधावे लागते.

शाळा म्हणते, आमचे शिकवणे संपले. रुग्णालय प्रमाणपत्र देऊन मोकळे होते. प्रशिक्षण केंद्र प्रवेशाची पात्रता विचारते आणि मालक कामाचा अनुभव मागतो. यांपैकी प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या परीने खरे असते. नियम कोणीच मोडलेला नसतो, तरीही एक तरुण मुलगा घराच्या ओट्यावर बसून राहतो. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जे कर्तव्य अनेकांत वाटले गेले आहे, त्याचा प्रत्येकाकडे केवळ अंश येतो, की ते संपूर्णपणे प्रत्येकाचेच असते?

मालमत्तेची वाटणी होते तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा लहान होतो. कर्तव्याची वाटणीही आपण त्याच हिशेबाने करतो. वस्तुतः कर्तव्याचे नाते वाटणीपत्रापेक्षा जामीनकीशी अधिक जवळचे आहे. पतपेढीच्या कर्जाला दोघे जामीन राहिले, म्हणून पतपेढीपुढे प्रत्येकाची जबाबदारी निम्मी होत नाही. संपूर्ण येणे कोणाही एकाकडून मागता येते. मुलाचे भवितव्य हेही असेच येणे आहे.

अमेरिकेच्या अपंग विद्यार्थ्यांच्या शिक्षणविषयक कायद्यात हे तत्त्व काही अंशी उतरले आहे. १९९० पासून त्या कायद्याने शाळेनंतरच्या जीवनाची तयारी हा शिक्षणाचाच भाग मानला. विद्यार्थी १६ वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वैयक्तिक आराखड्यात पुढील शिक्षण, नोकरी आणि आवश्यक तेथे स्वतंत्र राहणी यांची उद्दिष्टे यावी लागतात. त्यासाठी भरणाऱ्या बैठकीला खुद्द विद्यार्थ्याला बोलवावे लागते. दुसऱ्या एखाद्या यंत्रणेने कबूल केलेली मदत दिली नाही, तर शाळेने पुन्हा बैठक बोलावून दुसरा मार्ग शोधायचा असतो. ‘त्यांनी केले नाही’ एवढे उत्तर तेथे पुरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की अशाने एकावरच सर्वांचा भार पडेल. ही शंका रास्त आहे. परंतु संपूर्ण जबाबदारी म्हणजे संपूर्ण काम नव्हे. शिक्षकाने नोकरी मिळवून द्यावी किंवा डॉक्टरांनी सुतारकाम शिकवावे, अशी अपेक्षा नाही. आपण धरलेला हात सोडण्यापूर्वी तो दुसऱ्या कोणी धरला आहे ना, एवढे पाहावे. ते पाहण्याचे काम मात्र दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

अनेक हितचिंतक एकत्र जमले की आणखी एक धोका संभवतो. सर्वांचे एकमत होते, आणि ज्याच्यासाठी ते जमले त्याचे मत विचारायचे राहून जाते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने पालक नेमण्यासाठी स्थानिक स्तर समिती ठरवली, तेव्हा जिल्हाधिकारी आणि नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी यांच्याबरोबर एक अपंग व्यक्तीही तिच्यात घेतली. २०१६ च्या कायद्याने मर्यादित पालकत्वाची कल्पना मांडली. हे पालकत्व विशिष्ट निर्णयापुरते व विशिष्ट काळापुरते असते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेला धरून चालते. प्रौढ होणे म्हणजे सर्व काही स्वतः करणे, असा अर्थ घेतला तर आपल्यापैकी कोणीही प्रौढ ठरणार नाही. आपल्याविषयीच्या निर्णयात आपला शब्द धरला जाणे, हे प्रौढत्वाचे अधिक खरे लक्षण होय.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचे कारण लिहिण्यासाठी एक रकाना असतो. या मुलाला पुढे कोणी हाती घेतले, हे लिहिण्यासाठी रकाना नसतो. तो छापण्याची वाट न पाहता, मूल १४-१५ वर्षांचे असतानाच शाळा, आईवडील, डॉक्टर, प्रशिक्षण संस्था आणि तो स्वतः यांनी एकत्र बसून तेथे कोणाचे नाव यावयाचे ते ठरवता येईल.