गादीमागचा गुलाम

आपला माणूस खुर्चीपर्यंत पोचला तर त्याच्याकडनं काय मागायचं? आणि तो वाकडा चालला तर त्याला कुणाच्या तोंडानं शिव्या द्यायच्या? दुसरा सवाल जास्त अवघड आहे. दोस्तांनो, त्यासाठी हे लिहितोय.

बीबीसीची 'आय, क्लॉडियस' ही 1976 सालची मालिका, रॉबर्ट ग्रेव्हजच्या 1934 च्या कादंबरीवरची. रात्रपाळ्या करून ती मी मोबाईलवर थांबवत थांबवत बघितली, डिक्शनरी मांडीवर. रोमच्या राजघराण्यात एकमेकांना विष घालणं चाललेलं. लंगडा, तोतरा क्लॉडियस, ज्याला घरचेच येडा समजतात, तो गप्प राहून जगतो, सगळं बघतो, आणि इ.स. 41 मध्ये सम्राट होतो. बघणाऱ्यांचा जीव त्याच्यात अडकतो. माझी नजर गेली त्याच्या मागं उभ्या दोघांवर, पॅलस आणि नार्सिसस. दोघंही गुलामीतून सुटलेले. एकाकडं खजिन्याचा हिशेब, दुसऱ्याकडं सगळा पत्रव्यवहार.

इतिहासात ही माणसं जास्त उघडी पडतात. 43 साली ब्रिटनवर जायला फौज अडून बसली. समजूत घालायला नार्सिसस चौथऱ्यावर चढला. शिपायांनी त्याला बोलूच दिलं नाही, 'सॅटर्नालिया!' म्हणून ओरडले. हा त्यांचा सण, त्यात गुलाम मालकाचे कपडे घालून मिरवायचे. म्हणजे आपल्याकडं कुणी ओरडावं, शिमगा आला रे, सोंग बघा! आणि मग मुकाट सेनापतीच्या मागं चालू लागले.

पॅलसचं प्रकरण याहून कडू. 52 साली कायदा झाला. स्वतंत्र बाई गुलामाबरोबर राहिली आणि त्याच्या मालकाची संमती नसली, तर तीही गुलाम. क्लॉडियसनं सिनेटमध्ये सांगितलं, कल्पना पॅलसची. सिनेटनं त्याला मानाची पदचिन्हं आणि दीड कोटी नाणी देऊ केली. त्यानं मान घेतला, नाणी नाकारली. पुढं पन्नासेक वर्षांनी धाकट्या प्लिनीनं त्याच्या थडग्यावर हे कोरलेलं वाचलं आणि तो भडकला. त्याची पत्रं आहेत. राग कशाचा? एवढा मान एका गुलामाला मिळाला, याचा!

राग आपल्यालाही येतो, पण तो कायद्याचा. हे दोन राग एकमेकांत मिसळले की आपण प्लिनीच्या पंगतीला जाऊन बसलो.

लांब कशाला, आपलं नगर घ्या. मलिक अंबर, इथिओपियातला पोरगा, हातोहात विकला जात इथं आला. त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही पूर्वीचा गुलाम. 1600 मध्ये मोगलांनी नगरचा किल्ला घेतला, तरी अंबरनं निजामशाही घराण्यातला एकजण गादीवर बसवला, 1626 मध्ये मरेपर्यंत राज्य राखलं, सारा नव्यानं बांधला. 1624 मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजा मोडल्या. जहांगीर आठवणींत त्याला काळतोंड्या म्हणतो. हरवता येईना म्हणून चित्र काढवलं, भाल्यावर अंबरचं मुंडकं आणि बादशहा त्यावर बाण सोडतोय. हाही प्लिनीचाच भाऊ.

पण आपण बसवलेल्या राजाला, म्हणजे सख्ख्या जावयाला, 1610 मध्ये अंबरनं विष घालून मारवलं. फौजेत त्याचे स्वतःचे विकत घेतलेले हबशी होते. स्वतः बाजारात उभा राहिलेला माणूस, त्यानं बाजार चालू ठेवला. भातवडीच्या नावानं माझी छाती भरते, तरी हे लिहितो.

कुणी म्हणेल, जन्मजात राजांना हा जाब कुणी विचारत नाही, आपल्याच माणसाला का? खरंय. त्यानं क्रांतीच करावी असं मी म्हणत नाही. मुकादमापुढं मीही मान खाली घालतो, पोट आहे. जगण्यासाठी क्लॉडियस गप्प राहिला, तेही समजतं. त्यानं नंतर हुकूम काढला की आजारी म्हणून मालकानं टाकलेला गुलाम बरा झाला तर तो मोकळा. गुलाम नसलेल्यानं एवढं केलं. पॅलसला गप्प तरी बसता आलं असतं. साखळीची नवी कडी त्यानं स्वतः ठोकून दिली, माझं भांडण तेवढ्यावर आहे.

आणि कडी कुठली, बघा. बाईनं कुणाबरोबर राहायचं, त्याची. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, हे बाबासाहेबांनी 1916 मध्येच कोलंबियात मांडलं. आपल्या जिल्ह्यात खर्ड्याला एप्रिल 2014 मध्ये सतरा वर्षांच्या दलित पोराला मारलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, एवढं निमित्त सांगितलं गेलं. 2017 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. असल्या वेळी आपल्यातला एक बोलतो, एक गप्प बसतो, आणि एक तडजोडीचा कागद घेऊन पोराच्या बापाच्या दारात जातो. तिघांना एका मापानं मोजू नका.

55 साली पॅलसवर कटाचा आरोप आला. तुझ्या घरच्या माणसांना माहीत होतं म्हणे, असं विचारलं. तो म्हणाला, मी त्यांच्याशी बोलतच नाही. मान हलवतो, हातानं खुणावतो, जास्त सांगायचं तर लिहून देतो. त्यांच्या आवाजात आपला आवाज मिसळू नये म्हणून.