जो रोग समूळ जात नाही त्याची सेवा

ज्या श्रमाने रोग समूळ जाणार नाही, तो श्रम रोज करीत राहणे शहाणपणाचे आहे काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नव्हे. ज्या घरात कोणाचा पाय हत्तीरोगाने सुजला आहे, किंवा स्तनाच्या कर्करोगावरील उपचारानंतर एखाद्या बहिणीचा हात जड झाला आहे, त्या घरात तो रोज सकाळी उभा राहतो. धुणे, पुसणे, मर्दन करणे, पट्टी बांधणे. आणि उद्या पुन्हा तेच. सूज उतरते, पण कायमची जात नाही. मग घरचेच म्हणू लागतात, "ह्याचा उपयोग काय?"

उत्तर शोधण्यापूर्वी ही सूज कशी येते हे समजून घेऊ. रक्तवाहिन्यांतून थोडे पाणी शरीराच्या मांसात सदोदित पाझरत असते. ते लसिका ह्या नावाने बारीक नळ्यांतून वाहत गळ्याच्या मुळाशी पुन्हा रक्तास मिळते. रक्ताला हृदय ढकलते. लसिकेला तसा बलवान धनी नाही. नळ्यांचे मंद आकुंचन, स्नायूंची हालचाल व श्वासोच्छ्वास ह्यांवरच तिची वाटचाल चालते. डासाच्या दंशाने शिरलेले हत्तीरोगाचे सुतासारखे कृमी ह्या नळ्या बिघडवितात. कर्करोगाच्या उपचारात काखेतील लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. वाट मोडली की पाणी साचते व कातडी जाड होते. बोटांच्या बेचक्यांतील चिरांतून जंतू शिरले म्हणजे थंडी वाजून ताप येतो, आणि अशा प्रत्येक तापाने सूज वाढत जाते.

बेडसे व आसपासच्या मावळी गावांतील भात लावणाऱ्या वाचकांस ह्यावरील मर्दनाचे तत्त्व सांगणे कठीण नाही. वरच्या खाचरात पाणी तुंबले असता शहाणा शेतकरी आधी खालच्या खाचराचे तोंड मोकळे करतो, मग वरचे पाणी सोडतो. येथेही तसेच. प्रथम गळ्याजवळ, मग धडावर, मग मांडीवर व शेवटी पावलाकडे असे सरकावे. परंतु हाताचा ओघ सदैव धडाकडे असावा. हात इतका हलका असावा की केवळ कातडी सरकावी. डेन्मार्कचे एमिल वोडर व त्यांच्या पत्नी एस्ट्रिड ह्यांनी ही रीत १९३२ च्या सुमारास फ्रान्समध्ये बसविली व १९३६ साली पॅरिस येथे लोकांपुढे मांडली. तेल लावून जोराने रगडणे हे मर्दन नव्हे. त्याने अपाय होण्याचा संभव आहे.

मर्दन एकटे पुरेसे नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मोठा भार पट्टी वाहते. मर्दनाची भर त्यामानाने लहान आहे. पट्टी बोटांकडून वर, खाली घट्ट व वर सैल अशी, जाणत्याकडून शिकूनच बांधावी. साबणाने पाय धुवून बेचके कोरडे करणे, पाय उंचावर ठेवणे, हलका व्यायाम व पायांत वहाण ही त्याची सोबत होय. ताप असता, कातडी लाल व गरम असता, शिरेत रक्ताची गुठळी असता, किंवा हृदय अशक्त असता मर्दन करू नये. म्हणून आरंभी डॉक्टरास दाखविणे अवश्य आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली हत्तीरोगाच्या उच्चाटनाचे कार्य हाती घेतले. आपल्या महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यात २०१९ साली तीन औषधे एकत्र देण्यास आरंभ झाला. ह्या औषधांनी रक्तातील सूक्ष्म कृमी मरतात व पुढील पिढी वाचते. परंतु जो पाय एकदा जुनाट सुजला तो त्यांनी पूर्ववत होत नाही. जिल्हा रोगमुक्त ठरेल त्या दिवशीही तो मनुष्य जड पाय ओढीतच चालेल. त्याची सेवा मग कोणत्या हिशेबात धरावी?

श्रमाची किंमत त्याच्या शेवटावरून करण्याची आपल्याला सवय आहे. पण भूक कायमची मिटत नाही म्हणून कोणी चूल विझवीत नाही. आजची भाकर आजच्यापुरती खरी असते. तसेच आज पाय धुतला, मर्दन केले, पट्टी बांधली, तर ताप येण्याचे प्रसंग कमी होतात, वहाण पायात जाते, मनुष्य शेतावर व चार माणसांत जाऊ शकतो. हे फळ थोडे नव्हे. जी सेवा रोगाला हरवीत नाही, ती रोग्याला मात्र हरू देत नाही.

तथापि ह्या सेवेला दोन अटी आहेत. पहिली सत्याची. "महिन्यात पाय पूर्वीसारखा करून देतो" असे म्हणणारा वैदू पैसा नेतो, आणि सूज परतली म्हणजे रोग्यालाच दोष लागतो की तुझा विश्वास कमी. असे कोणी बोलू नये, उपदेशकाने तर मुळीच बोलू नये. दुसरी अट न्यायाची. घरातील सारे काम एकट्या सुनेच्या माथी मारले तर ती सेवा राहत नाही, वेठ होते. केरळातील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मटॉलॉजी ही संस्था रोग्यास व त्याच्या नातलगांस ही उपचारपद्धती घरी करण्यास शिकविते. रोग्याचे हात चालत असतील तर बरेचसे मर्दन तो स्वतः करू शकतो. उरलेले वाटून घ्यावे. मुलाने पाणी आणावे, धन्याने पट्टी बांधावी.

आणि स्पर्शाची शंका कोणी धरू नये; ही सूज एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जात नाही. ज्यांच्या गुरूने शिष्यांचे पाय धुतले, त्यांना सुजलेल्या पायास हात लावण्याचा संकोच का वाटावा? तेव्हा बंधुभगिनींनो, आपल्या गावात असा कोणी घराबाहेर पडत नसेल तर त्याची विचारपूस करा, त्यास दवाखान्यात न्या, आणि घरच्यांबरोबर हे काम शिकून घ्या. ते उद्याही करावे लागेल. म्हणूनच ते अनेकांनी मिळून करावयाचे आहे.