शिलेदाराचा घोडा

आमच्या यवतमध्ये कुणी कुणाला "काय करता?" असं विचारत नाही. "हल्ली कुठं असता?" असं विचारतात. माणूस कुठं असतो ते कळलं की तो काय करतो हे कळण्याची फारशी गरज उरत नाही, असा या प्रश्नामागचा अनुभव आहे. उत्तर 'बँकेत', 'रेल्वेत', 'एस्टीत', 'कारखान्यावर' यांपैकी एक असावं लागतं. ऊस असेल तर 'शेतात' हेही चालतं. २०१५ सालापर्यंत मी 'पुण्याला, एका कचेरीत' असं सांगत असे. बावीस वर्षं दौंड-पुणे गाडीनं जाऊन-येऊन मी ते उत्तर कमावलं होतं. त्या साली राजीनामा दिला आणि भाषांतरं करणं, मुद्रितं तपासणं अशी कामं घरी बसून घेऊ लागलो. तेव्हापासून "कुठं असता?" या प्रश्नाला माझं खरं उत्तर "घरी" असं आहे. ते ऐकल्यावर समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते सहसा दवाखान्यात भेटायला आलेल्यांच्या चेहऱ्यावर दिसतात.

शेजारच्या अण्णांना मी एकदा नीट समजावून सांगितलं. "अण्णा, याला फ्रीलान्स म्हणतात."

"फ्री म्हंजे फुकट ना?" अण्णा म्हणाले.

"तसं नव्हे. मोकळा. कुणाचा बांधलेला नाही असा."

"मोकळा असशील तर दुपारी आमचा ग्यास येणारे, तेवढा उतरवून घे."

मी घेतला. पुढं मोकळेपणाची कीर्ती आळीभर पसरली आणि दौंडच्या तहसील कचेरीतला दाखला, कुणाच्या आत्याला स्टेशनवर आणणं, कुणाच्या पोराचा निबंध ही सगळी कामं माझ्याकडं आली. मराठीत 'मोकळा' आणि 'रिकामा' या दोन शब्दांत जे अंतर आहे ते शब्दकोशापुरतंच. आळीत ते लागू नाही.

हा 'फ्रीलान्स' शब्द मुळात लढाईतला. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या 'आयव्हॅन्हो' कादंबरीत तो भाडोत्री भालाईतांसाठी आलेला आहे. कुठल्याही एका धन्याशी न बांधलेला भाला, असा त्याचा अर्थ. मला आपला वाटतो तो शब्द 'शिलेदार'. शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, हत्यारही स्वतःचं. आजच्या भाषेत सांगायचं तर खुर्ची, पंखा, टाचण्या आणि चहा सरकारी, तो बारगीर. मी बावीस वर्षं बारगिरी केली. आता शिलेदार आहे.

शिलेदार म्हटल्यावर डोळ्यांपुढं भगवा, धूळ, दौड वगैरे येतं. घोड्याचा चंदीचा खर्च येत नाही. मोहीम असो वा नसो, घोडा रोज खातो. पाऊसकाळात स्वारी नसली म्हणून तो उपास करत नाही. आणि या धंद्यातली खरी पंचाईत अशी, की इथं स्वारही मीच आणि घोडाही मीच.

घोडा मोठा हट्टी निघाला. पहिल्या आठवड्यात मी वेळापत्रक केलं. साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून टेबलाशी बसायचं. मंगळवारी टेबलाशी बसण्याआधी पेन्सिलींना टोकं काढली. बुधवारी टेबलाचा एक पाय हलत होता तो नीट केला. गुरुवारी मला रजा हवीशी वाटली. शिस्त म्हणजे शिस्त, म्हणून मी रीतसर अर्ज लिहिला. अर्जदार मी, साहेबही मी. साहेबाच्या खुर्चीवर बसून तो अर्ज मी 'कामाचा निकड पाहता' नामंजूर केला, 'निकड' स्त्रीलिंगी आहे हे अर्जदारानं लगेच दाखवून दिलं, आणि दिवसभर साहेबाच्या नावानं कुरकुरत बसला. काम झालं नाही ते नाहीच. आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "अहो, कचेरीत तरी याहून वेगळं काय करत होतात?" फरक एवढाच, की तिथं याचा पगार मिळे.

प्रेरणा म्हणून जी काही वस्तू असते ती कुठं मिळते, याचा मी पुष्कळ तपास केला. अँथनी ट्रॉलप नावाचे इंग्रज कादंबरीकार पहाटे साडेपाचला टेबलाशी बसत आणि समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहीत. मग पोस्टाच्या नोकरीवर जात. १८८३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं सांगून टाकलं आहे. पण मला त्यातलं खरं आवडलं ते वेगळंच. त्यांना उठवायला एक म्हातारा मोतद्दार होता आणि त्या कामाचे त्याला वर्षाला पाच पौंड जादा मिळत. म्हणजे एवढ्या शिस्तीच्या माणसानंही प्रेरणा बाहेरून विकत आणली होती! आपल्याकडं बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्यांना कोण उठवत असे कुणास ठाऊक. मी दूधवाल्या तात्यांना सांगून पाहिलं, "पाचला जरा कडी वाजवा." तात्यांनी दोन दिवस वाजवली. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मालक, तुमी उठून परत निजताय. दुधाला उशीर हुतो माझ्या."

शेवटी मला उठवलं ते विजेच्या बिलानं. प्रेरणा या विषयावरच्या पुस्तकांत विजेच्या बिलाचा उल्लेख का नसतो, हे मला अजून कळलेलं नाही.

पैशांचं म्हणाल, तर अण्णांचा 'फ्री म्हंजे फुकट' हा अर्थ किती सखोल होता ते यथावकाश पटलं. काम मागताना गिऱ्हाईकाला 'काल हवं' असतं आणि पैसे देताना त्याच्याकडं अवघा अनंत काळ असतो. २००६ सालचा लघुउद्योगांचा कायदा असं सांगतो, की नोंदणी केलेल्या माझ्यासारख्या बारक्या धंदेवाल्याचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यावेत, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं. कायदा चांगला आहे. मी तो वाचून मधूनमधून मनाला गार करून घेतो. व्याज मागण्याची हिंमत मात्र ज्याला पुन्हा त्या गिऱ्हाईकाचं तोंड पाहायचं नसेल त्यानं करावी. या बाबतीत तुकोबारायांचं दुकान आठवतं. तेही घरचा धंदा करणारे, दुष्काळात दिवाळं निघालेले. आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. माझी येणी संगणकात आहेत. ती बुडवावी लागत नाहीत, आपली आपणच बुडतात.

तुकोबांचं नाव निघालं म्हणून सांगतो. त्यांची पालखी लोणी काळभोरहून निघते ती आमच्या गावी मुक्कामाला येते. भैरवनाथाच्या देवळात कढयांतून पिठलं शिजतं, घराघरांतून भाकऱ्या येतात. त्या दिवशी गावात कुणी कुणाला कामाला लावत नाही आणि कुणी रिकामं नसतं. वारकऱ्यांचं तर विचारूच नका. ना मस्टर, ना पगार, ना उशीर झाला तर लाल रेघ. तरी आषाढी एकादशीला माणूस पंढरपुरात हजर.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मुक्कामाच्या संध्याकाळी रस्त्याच्या कडेला एक चांभार वारकऱ्यांच्या वहाणा फुकट शिवून देत बसले होते. मी बराच वेळ उभा राहून पाहिलं. एका म्हाताऱ्या माउलीच्या चपलेचा अंगठा तुटला होता. यांनी दोरा मेणातून ओढला आणि टाका घातला. मग त्याच वाटेनं उलटा दुसरा घातला. मागं माणसांची ही रांग!

"मामा," मी म्हटलं, "एका टाक्यात भागलं असतं की. फुकटचं काम, माणसं खोळंबलीत."

"एका टाक्यात वरवंडपातुर जाईल."

"मग झालं की. वरवंडला ती कुणाला सांगणार तुमचं नाव?"

"तिला कुठं ठावं माझं नाव," मामा म्हणाले. "पण वरवंडला चप्पल तुटली की मला हितं कळंल."

"कसं काय कळेल?"

त्यांनी माझ्याकडं वर पाहिलं. मग माझ्या पायांकडं पाहिलं. "कळतं," एवढंच म्हणाले आणि पुढची वहाण घेतली.

मला ते वाक्य छान वाटलं. एखाद्या लेखात घालावं, असंही मनात आलं. अशी छान वाक्यं दुसऱ्याची असतात तोवर त्यांचा त्रास होत नाही.

त्याच आठवड्यात माझ्या एका कामाची छापील प्रत टपालानं आली. भाजीपाल्यावरच्या एका फवारणीच्या औषधाचं माहितीपत्रक मी इंग्रजीतून मराठीत केलं होतं. बिल वेळेवर चुकतं झालं होतं. तो आनंद इतका दुर्मिळ, की प्रत मी कौतुकानं पुन्हा वाचू लागलो आणि चौथ्या ओळीशी थांबलो. 'फवारणीनंतर ५ दिवस तोडणी करू नये.' मूळ प्रत काढली. तिथं १५ होते. छापणाऱ्याची चूक असावी, म्हणून मोठ्या आशेनं माझी प्रत पाहिली. तिथं ५ होते. एक आकडा माझ्याच बोटाखालून निसटला होता. त्या रात्री घरी वांग्याचं भरीत होतं.

आता इथं माझ्यातल्या वकिलानं जी कामगिरी केली तिला तोड नाही. तो म्हणाला, पत्रक वाचतो कोण? औषध दुकानदाराच्या तोंडी सांगण्यावर मारलं जातं. तो म्हणाला, तपासून सही करणारा त्यांचा अधिकारी होता, जबाबदारी त्याची. तो म्हणाला, पैसे आले आहेत, प्रकरण मिटलं आहे, आणि तुझ्याकडं गिऱ्हाइकं आहेत किती? तीन. त्यातलं वेळेवर पैसे देणारं एकच. मी भरिताकडं पाहत बसलो. "मीठ कमी झालंय का?" सौभाग्यवतींनी विचारलं.

कचेरीत असतो तर हा प्रश्नच उठला नसता. तिथं कागदावर सहा सह्या असत आणि चूक सहा जणांत वाटली जाई. प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी पातळ येई, की कुणाच्याच घशाला लागत नसे. नोकरीनं मला पगाराबरोबर ही एक सवलत दिली होती आणि राजीनामा देताना मी तिचा हिशेब धरायला विसरलो होतो. स्वतंत्र धंदा म्हणजे हवं तेव्हा उठणं, हवं तेव्हा निजणं, असं मी समजत होतो. त्या रात्री कळलं, की स्वतंत्र धंदा म्हणजे चुकीचा पत्ता एकच असणं. घोडा आपला, तसं घोड्यानं तुडवलेलं शेतही आपल्याच नावावर.

सकाळी फोन केला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. क्षणभर थांबून म्हणाले, "अहो, आमच्याही लक्षात आलं नव्हतं. आता कशाला सांगितलंत?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं. असलं तर ते रस्त्याच्या कडेला वहाणा शिवत बसलेल्या मामांकडं होतं. चार हजार पत्रकं छापून झाली होती. बरीचशी अजून गोदामात होती, चारशे मात्र दुकानांत गेली होती. दुरुस्तीच्या चिठ्ठ्या माझ्या खर्चानं छापायच्या, असं ठरलं. बिलाचे पैसे ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं परत गेले. घरात दोन दिवस खळीचा वास होता. सौभाग्यवती, अण्णा आणि मी चिठ्ठ्या चिकटवत होतो. अण्णा म्हणाले, "आता खरा फ्री झालास बघ."

दुकानांत गेलेल्या चारशेंसाठी मी पिशवी घेऊन केडगाव, दौंड, उरुळी अशा फेऱ्या मारल्या. दुकानदारांना मी वसुलीला आलो आहे असंच वाटे. तीनशे साठ पत्रकं सापडली. चाळीस सापडली नाहीत. ती कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या खिशात, की कुणाच्या भज्यांखाली गेली, ते मला आजवर कळलेलं नाही. मामांना कळलं असतं कदाचित. मी आपला बाजारात वांगी घेताना "फवारणी कधी केली होती?" असं विचारतो आणि भाजीवाल्या मावशी "घ्यायची तर घ्या, भाऊ" असं सांगतात.

त्या गृहस्थांनी पुढं मला काम दिलं नाही. खरं बोलल्यावर दुप्पट काम मिळतं, अशा गोष्टी पाठ्यपुस्तकांत असत. मी त्या पुस्तकांची मुद्रितंही तपासली आहेत, त्यामुळे त्यांच्याबद्दल वाईट बोलत नाही. मग यात यश कुठं आलं? मलाही नक्की सांगता येणार नाही. एवढं खरं, की घोडा त्यानंतर जरा कमी अडतो. साडेनऊला टेबलाशी बसलो की कागदाच्या पलीकडं कुणीतरी वांगी तोडत असेल, असं दिसत राहतं. पेन्सिलींना टोकं काढणं त्यामुळे कमी झालं आहे.

साहेब या नात्यानं दर मार्चअखेर मी माझ्या एकुलत्या एक नोकराचा गोपनीय अहवाल लिहितो. त्या वर्षीचा असा आहे: 'कामात बरा. सकाळी उशिरा उठतो. शुद्धलेखनाचा अभिमान जास्त, आकड्यांत कच्चा. चूक लपवत नाही. एकदा लपवण्याच्या बेतात होता. नोकरीत कायम करावे. पगारवाढीची शिफारस केली आहे, मंजुरी उरलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे प्रलंबित.'