पाण्याचा रोजा

गेल्या रमजान महिन्यात एका वृद्ध टाळकऱ्यासोबत आम्ही इस्पितळात गेलो होतो. त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा, दर खेपेस चार-चार तास, यंत्राने रक्त शुद्ध करावे तेव्हा देह चालतो. त्या दिवशी एकादशी मोडावी लागली म्हणून बुवा खिन्न होते. शेजारच्या खाटेवरचे मुसलमान शिंपीभाऊ म्हणाले, "बुवा, माझाही रोजा सुटला. पण पाणी मोजून प्यायचं, हा रोजा बारा महिने चाललाच आहे की!"

आम्ही विचारले, "रोगाने लादलेला नेम, त्याला व्रत कसे म्हणावे?"

"नियत तर माझी आहे ना, महाराज?"

सज्जनहो, आम्ही निरुत्तर झालो. नियत म्हणजेच संकल्प. तहान रोगाने दिली खरी. पण ती कुरकुरत सोसावी की ईश्वरास वाहावी, हे रोगाच्या हाती नाही. इस्लामात आजाऱ्याला रोज्याची सूट आहे. बरे होण्याची आशाच नसेल त्याने प्रत्येक रोज्याबद्दल एका गरिबाला जेवू घालावे. यास फिदया म्हणतात. उभे राहवत नसेल तर बसून, तेही होत नसेल तर निजून, खुणेने नमाज होते. आपल्या धर्मशास्त्रातही आतुराला सवलत आहेच. म्हणजे धर्म रोग्याला दाराबाहेर ठेवीत नाही, स्वतःच त्याच्या खाटेपाशी येतो.

त्यांच्यात सब्र हा मोठा गुण, आणि अय्यूब पैगंबर त्याचा आदर्श. पण सब्र म्हणजे हातपाय गाळणे नव्हे. देह ही ईश्वराची अमानत, म्हणून औषध घेणे हेही कर्तव्यच.

आता एक शंका. आजाराने पापे झडतात, असे शिंपीभाऊ मानतात. आपण प्रारब्ध म्हणतो. मग दुःख चांगलेच म्हणायचे काय? नव्हे! तेच वाक्य रोग्याच्या मुखी औषध आहे, निरोग्याच्या मुखी विष. ज्याची मजुरी बुडते, ज्याच्या घरी चूल थंडावते, त्याला आपण प्रारब्ध सांगू नये. इस्पितळापर्यंत सोबत करावी. कीर्तनात आम्ही कैकदा उलटे केले, हे कबूल करतो.

निघताना बुवांनी औषधाची गोळी तळहातावर घेतली, विठ्ठल म्हटले आणि मोजक्या दोन घोटांनी गिळली. त्यांची एकादशी मोडली, असे आता आमच्याने म्हणवत नाही.

रामकृष्णहरी.