आधी स्नान कुणाचे?

माउली, पौष वद्य एकादशीला तुम्ही निवृत्तिनाथांच्या दर्शनाला त्र्यंबकेश्वरी जाता. त्याच गावात १७८९ च्या सिंहस्थात संन्यासी आणि बैरागी, म्हणजे शैव आणि वैष्णव साधू, एकमेकांवर तुटून पडले. वैर जुनेच, हरिद्वारलाही १७६० मध्ये हेच घडले होते. पेशव्यांच्या ताम्रपटात बारा हजार साधू मेल्याचा उल्लेख आहे. कारण काय, तर आधी स्नान कुणी करायचे!

पेशव्यांनी तोड काढली: शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तात, वैष्णवांनी नाशिकला रामकुंडात स्नान करावे. ती वाटणी आजही चालते. रक्त थांबले, हे लहान काम नव्हे. पण गोदामाईच्या उगमापाशीच पर्वणी दुभंगली. त्या लहानशा गावातून वैष्णवांचे आखाडे उठले ते उठलेच. याला तह म्हणावे. सलोखा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

आणि नवल पाहा. त्याच गावच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांनी निवृत्तिनाथांना उपदेश केला. नाथपंथ शैव, आणि त्याच परंपरेतून आपली ज्ञानेश्वरी आली. आपला विठोबा तर मस्तकी शिवलिंग घेऊन उभा. मग भांडण देवाचे कसे? ते मानाचे. रथापुढे कोणती दिंडी आणि रथामागे कोणती, यावरून आपल्यातही आवाज चढतोच ना?