झील सुटल्यावर

माणसाने आपला आवाज बदलावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता गवयांचा वाटतो. थोडे खोल गेले की ध्यानात येते, तो नीतीचा आहे. दहाजणांत उभा राहून, मूठ उगारून गाणारा एखादा गायक एके दिवशी त्या दहांतून बाजूला होतो. एकटाच बसतो आणि जुन्या, ओळखीच्या चालीवर सावकाश काही म्हणू लागतो. त्यात घोषणा नसते. असते एखादी कहाणी, एखादी हुरहुर. जुने सोबती म्हणतात, "हा फिरला." नवे श्रोते म्हणतात, "हा आता कुठे गाऊ लागला." या दोघांत खरे कोण?

मी शाळामास्तर; फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. गाण्याचे शास्त्र मला अवगत नाही. परंतु हा प्रश्न एकट्या गवयाचा नसल्यामुळे त्याबद्दल बोलण्याचा थोडा अधिकार मलाही आहे, असे मी समजतो. ज्याने ज्याने कधी चारचौघांच्या वतीने तोंड उघडले आहे, त्या प्रत्येकाला हा प्रश्न केव्हा ना केव्हा गाठतोच.

एक उदाहरण विलायतेचे घेऊ. १९७६-७७ च्या सुमारास तिकडे 'पंक' या नावाचे एक गाणे उठले. सूर तीन, वाद्ये कर्णकर्कश, आणि गाणारी पोरे कामधंदा नसलेली, भविष्याची आशा सुटलेली. गोड गाणे हाच त्यांना अपराध वाटे. लंडनजवळच्या बार्किंग गावचा बिली ब्रॅग हा तरुण या लाटेत सापडला. १९७७ मध्ये 'रिफ रॅफ' नावाच्या पथकात तो गाऊ लागला. 'रिफ रॅफ' म्हणजे आपल्या भाषेत गाळसाळ! पथक फार दिवस टिकले नाही. १९८१ मध्ये हा गडी चक्क फौजेत भरती झाला आणि तीनच महिन्यांत पदरचे १७५ पौंड भरून आपली सुटका विकत घेऊन परत आला. त्यानंतर तो गाऊ लागला तो एकटा. एक गिटार आणि एक गळा.

पुढे १९८४-८५ मध्ये तिकडे खाणकामगारांचा मोठा संप झाला. संपकऱ्यांसाठी गात फिरताना त्याची गाठ जुनी लोकगीते गाणाऱ्या म्हाताऱ्यांशी पडली. बंड म्हणजे मोठा आवाज, असे मानणाऱ्या पिढीतला हा पोरगा. वाद्याशिवाय, खुर्चीत बसून गाणारे हे म्हातारे आपल्याहून जहाल आहेत, हे त्याला तिथे उमगले. लोकगीताकडे तो वळला तो असा. थकून नव्हे, थक्क होऊन.

ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे तर ती जुनीच आहे. पोवाडा घ्या, गोंधळ घ्या. मुख्य गाणाऱ्याच्या मागे झीलकरी उभे असतात. शाहीर एक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, ताणतात, आणि तेवढ्यात शाहिराला श्वास घ्यायला सवड मिळते. झील म्हणजे गाणाऱ्याचा उसना श्वास. त्या आधारावर माणूस स्वतःच्या छातीपेक्षा मोठे गाऊ शकतो.

आमच्या शाळेत रोज सकाळी प्रार्थना होते. तीनशे पोरे एकदम गातात. त्यांत बेसूर किती असतात म्हणून सांगू! पण एकत्र गाताना एकही बेसूर ऐकू येत नाही. समूहाची ही मोठी दया आहे. तो प्रत्येकाची खोट पोटात घालतो. मात्र तो तेवढ्यावर थांबत नाही. खोट झाकता झाकता तो प्रत्येकाचे वेगळेपणही झाकतो. तीनशेंतल्या ज्या एका पोरीच्या गळ्यात काही निराळेच आहे, तीही त्यात ऐकू येत नाही. म्हणून समूहातून बाहेर पडणारा माणूस एकाच वेळी दोन गोष्टी करतो. तो दयेचे छत्र सोडतो आणि आपले वेगळेपण उघडे करतो. यातली पहिली गोष्ट धैर्याची आहे. दुसरीला कुणी अहंकार म्हणेल. बहुतेक वेळा दोन्ही एकाच श्वासात होतात, म्हणून तर निवाडा अवघड.

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि दत्ता गव्हाणकर यांनी मुंबईत लाल बावटा कलापथक उभे केले. गिरणगावातल्या मैदानांवर या पथकाने जे रान उठवले, त्याची धास्ती सरकारने घेतली आणि स्वातंत्र्यानंतर पथकावर बंदी घातली. हे गाणे अर्थातच मूठ आवळलेले होते. पण अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही प्रसिद्ध छक्कड आठवून पाहा. बायकोला गावी ठेवून पोटासाठी मुंबईस आलेल्या एका साध्या माणसाची ती तळमळ आहे. पुढे पुढे तीच तळमळ बेळगाव-कारवारापासून तुटलेल्या महाराष्ट्राची होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून ती दणाणते. अमर शेखांच्या पहाडी आवाजात ती ज्यांनी ऐकली, त्यांनी आधी एकट्याचे दुःख ऐकले आणि मग लाखांचे. समूहाच्या गाण्याच्या पोटात एकट्याचे गाणे बसलेलेच होते. ते नसते, तर नुसत्या नकाशासाठी इतकी माणसे रडली असती काय?

अमर शेखांनी कवितासंग्रह छापले. 'कलश' आणि 'धरतीमाता' ही त्यांची नावे. सभेला हादरवणारा गळा कागदावर एकटा बसला, यात कुणाला विसंगती दिसली तर दिसो. १९६९ च्या जुलैत अण्णाभाऊ गेले आणि ऑगस्टात मोटार-अपघातात अमर शेख. दीड महिन्यात मराठी शाहिरीचे दोन खांब पडले.

इथवर सारे सोपे वाटते: एकट्याचे गाणे आणि समूहाचे गाणे एकमेकांचे वैरी नव्हेत, असे म्हणून लेखणी खाली ठेवावी. पण दुसरी बाजू सांगितल्यावाचून तसे करणे लबाडीचे होईल.

लोकगीताला एक धोका आहे. ते फार सहज शोभेचे होते. ओरडणाऱ्यावर बंदी घालणारे सरकारच लोककलेचे महोत्सव भरवते, फेटे बांधते, शाल पांघरते. कालपर्यंत ज्याच्या गाण्याने मालकाची झोप उडत होती, त्याच्याच गाण्यावर आज मालक पहिल्या रांगेत बसून ताल धरतो. चाल तीच, ढोलकी तीच. फक्त दात पडलेले. जुने सोबती "हा फिरला" म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात ही भीती असते, आणि ती खोटी नाही. हळू गाणाऱ्याला बिदागी अधिक मिळते, हे जगजाहीर आहे. तेव्हा मनुष्य पिकला म्हणून हळू झाला की विकला म्हणून, हे ओळखायचे कसे?

मला याचे उत्तर एका फळात सापडले. ते फळ म्हणजे जांभूळ.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म १९३१ चा, मुंबईच्या नायगावचा. लहानपणापासून ते गात. बाबासाहेबांच्या चळवळीच्या गाण्यांत त्यांचा गळा घडला. भीमगीते, पोवाडे, कोळीगीते, भारूड, कव्वाली. त्यांना वर्ज्य असे काही नव्हते. परंतु त्यांचे नाव ज्याने सर्वदूर झाले, ते 'जांभूळ आख्यान' मात्र चळवळीचे गाणे नव्हे. त्याचे शेकडो प्रयोग त्यांनी केले. ही द्रौपदीची कथा आहे, आणि ती व्यासांच्या पोथीत नाही, लोकांच्या तोंडी आहे. पाच पती असूनही द्रौपदीच्या मनात सहावा, कर्ण, भरतो. कृष्ण ते जाणतो. झाडावरून तुटलेले जांभूळ पुन्हा देठाला लागायचे असेल, तर प्रत्येकाने मनातले खरे सांगितले पाहिजे, असा पेच तो घालतो. पांडव सांगतात. द्रौपदी झाकून ठेवते, आणि जांभूळ खाली राहते. शेवटी ती पाचांच्या देखत सहाव्याचे नाव घेते, तेव्हा ते फळ देठाला लागते.

उतारवयाकडे झुकलेला एक पुरुष ही द्रौपदी होई आणि लाजे, घाबरे, मग कबूल करी. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येई.

आता कुणी विचारील, आणि आमच्या नागपुरात तर नक्कीच विचारील: १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे, दीक्षाभूमीवर, बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या, राम-कृष्णाला देव मानणार नाही, ही त्यांतली एक. मग त्या चळवळीच्या शाहिराने कृष्णाचे आख्यान का लावावे? प्रश्न रास्त आहे. रागावून तो उडवून लावू नये. मला त्याचे उत्तर असे दिसते: गोष्ट सांगणे म्हणजे पूजा करणे नव्हे. देवळाची पायरी ज्यांना शतकानुशतके चढू दिली नाही, त्यांच्याच हातांत तुणतुणे आणि संबळ होते. पोथी दुसऱ्याची असली तरी गाणे त्यांचे होते. देव सोडला म्हणून ते गाणेही सोडून द्यायचे, तर आपल्या हक्काच्या मिळकतीवर आपणच पाणी सोडायचे. उमपांनी ती मिळकत सोडली नाही. आणि तिच्यासाठी भीमगीतही सोडले नाही. हा 'ही' फार महत्त्वाचा आहे.

मला वाटते, आपल्या प्रश्नाची कसोटी या कथेतच दिली आहे. ज्याने समूहासाठी गायले, त्याच्या मनातही एखादा सहावा असतो. पाच जण म्हणजे पक्ष, चळवळ, सोबती, कर्तव्य, राग. आणि सहावे म्हणजे असे काहीतरी, जे या पाचांत कुठेच बसत नाही. एखादे प्रेम असेल, एखादी शंका असेल, मरणाचे भय असेल. असे काही मनात असणे हे पाप नव्हे. पाप लपवण्यात आहे. आणि लपवण्याच्या तऱ्हा दोन आहेत. एक म्हणजे सहावे मनात दाबून जन्मभर पाचांचेच गाणे घोकणे. मग आवाज मोठा राहतो, पण फळ देठावेगळे राहते. दुसरी म्हणजे सहावे घेऊन दूर पळून जाणे आणि जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, जिथे कुणी जाब विचारणार नाही, अशा ठिकाणी ते चढ्या भावाने गाणे. द्रौपदीने यांपैकी काही केले नाही. ज्यांना ती बांधलेली होती, त्यांच्याच समोर तिने ते नाव घेतले.

म्हणून माझा निवाडा असा: गायकाने झील सोडावी, एकट्याने गावे, हळू गावे, जुनी चाल धरावी, त्याला दोष नाही. फक्त ज्यांच्यासमोर तो ओरडला, त्यांच्यासमोर त्याला हळू गाता आले पाहिजे. गिरणी-कामगारांना पोवाडा ऐकवला असेल, तर विरहाचे गाणेही त्यांनाच आधी ऐकवावे. ते उठून गेले तर जाऊ द्यावेत. पण त्यांना टाळून शालीकडे जाऊ नये. पिकलेला माणूस जुन्या मैदानात परत येऊ शकतो. विकलेल्याला ते मैदान चुकवून दुसऱ्या रस्त्याने जावे लागते.

परंतु हा करार एकतर्फी नाही. ऐकणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. आपण गायकाला एका रागाचा कैदी करतो. त्याने सदैव संतापलेलेच असावे, आपल्या वतीने त्याने जळत राहावे, अशी आपली अपेक्षा असते. म्हणजे आपण घरी जाऊन निवांत जेवायला मोकळे! अमेरिकेतला वुडी गथ्री हा कष्टकऱ्यांचा गायक १९६७ साली वारला. चाल न लावलेल्या त्याच्या गीतांचा मोठा साठा मागे राहिला. त्याच्या मुलीने त्यांतली काही गीते बिली ब्रॅगच्या हाती दिली आणि १९९८ मध्ये त्यांची तबकडी निघाली. त्या साठ्यात निघाले काय? लढ्याची गाणी होतीच. पण प्रेमाची, लेकरांची, थट्टामस्करीचीही होती. जगाने ज्याला एका हाकेपुरते ओळखले, त्याच्या घरात एवढे सारे पडून होते. आपल्या ओळखीच्या किती माणसांच्या पेट्यांत असे काही पडले असेल, कोण जाणे. आपण ऐकायला बसलो असतो, तर कदाचित ते त्यांच्या हयातीतच बाहेर आले असते.

विठ्ठल उमप यांना ती पेटी बंद ठेवावी लागली नाही. २६ नोव्हेंबर २०१० रोजी दीक्षाभूमीवरच्या एका कार्यक्रमात, व्यासपीठावरच ते कोसळले आणि गेले. द्रौपदीचे मन शेकडो वेळा उघडे करून दाखवणारा तो गळा शेवटी आपल्या माणसांसमोरच थांबला. त्याला परत येण्याचा प्रश्नच नव्हता. कारण तो कधी निघून गेलाच नव्हता.